मुख्यमंत्री महोदय, फाशीच्या घोषणेआधी दुभाषक नेमा

प्रति,
मा. मुख्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

मी कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत विशेष शिक्षिका आहे. माझी नेमणूक शिकवण्यासाठी आहे. पण जिल्ह्यात एखाद्या न ऐकणाऱ्या, न बोलणाऱ्या मुलावर अत्याचार झाला की पोलीस ठाण्यातून शाळेत फोन येतो, ‘मॅडम, जरा येऊन जाता का? मुलगी काय सांगते ते कळत नाही.’ मी जाते. पुढे तेच प्रकरण न्यायालयात उभे राहते तेव्हा पुन्हा जाते. हे पत्र त्या कामातून आले आहे. यात माझे, शाळेचे किंवा जिल्ह्याचे नाव नाही. पीडित बालकाची ओळख उघड करायला पोक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा, मनाई करतो आणि लहान जिल्ह्यात शिक्षिकेचे नाव कळले की मुलीचे घर शोधायला अर्धा दिवसही लागत नाही.

लिहिण्याचे कारण सांगते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला बालवाडीतल्या दोन चिमुरड्यांवर शाळेतच अत्याचार झाला. तक्रार घेऊन गेलेल्या पालकांना पोलीस ठाण्यात तासन्‌तास थांबवून ठेवले गेले. २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. शासनाने शाळांना महिन्याभरात सीसीटीव्ही बसवायला सांगितले, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करा म्हणून बजावले. फाशीची मागणी झाली. २३ सप्टेंबरला आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला आणि पुष्कळांनी पेढे वाटले. त्याच्यावरचा खटला न्यायालयात चालून निकाल लागायचा तो कधीच लागला नाही. त्या दोन मुलींना ‘तुमचे म्हणणे खरे होते’ असे न्यायालयाने सांगायला हवे होते, ते राहूनच गेले.

त्याआधीही हेच झाले आहे. २०१९ साली पोक्सोत दुरुस्ती होऊन शिक्षा वाढल्या, गंभीर अत्याचाराला किमान २० वर्षे आणि फाशीपर्यंतची तरतूद आली. २०२१ च्या डिसेंबरमध्ये आपल्या विधिमंडळाने शक्ती विधेयक मंजूर केले, तेही कडक शिक्षांचे, आणि ते पुढे कायदा होऊ शकले नाही. माझा शिक्षेला विरोध नाही. पण शिक्षा हा खटल्याचा शेवट असतो. माझ्या मुलांचे खटले सुरुवातीलाच अडतात, कारण त्यांचे म्हणणे समजून घेणारा माणूस ठाण्यात नसतो, रुग्णालयात नसतो, न्यायालयातही नसतो. त्या माणसासाठी शासन पैसे काढत नाही, पद काढत नाही. हे मला आता गप्प राहून मान्य करता येत नाही.

कायदा अपुरा आहे असे कोणी म्हणत असेल तर त्याने तो एकदा वाचावा. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेल्या पोक्सोत अठरा वर्षांखालचा मुलगा आणि मुलगी दोघांनाही सारखे संरक्षण आहे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यावा, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने घ्यावा, जबाब घेताना पोलिसाने गणवेश घालू नये. मूल रात्री ठाण्यात थांबवू नये. आरोपी मुलाच्या समोर येऊ नये. चोवीस तासांत बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवावे. न्यायालयाने दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष नोंदवावी, शक्यतो वर्षभरात खटला संपवावा. अपंग मुलासाठी विशेष शिक्षक किंवा त्याची संवादाची पद्धत जाणणारी व्यक्ती घ्यावी, हे तपासासाठी कलम २६ मध्ये आणि न्यायालयासाठी कलम ३८ मध्ये लिहिलेले आहे. आणि अत्याचार करणाऱ्याने मुलाच्या अपंगत्वाचा फायदा घेतला असेल तर तो गुन्हा अधिक गंभीर धरला जातो. ज्यांनी हे लिहिले त्यांनी मुलांचा विचार करून लिहिले आहे, असे मी मनापासून म्हणते.

आता प्रत्यक्षात काय होते ते ऐका.

२०२० च्या पोक्सो नियमांप्रमाणे प्रत्येक जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे दुभाषक, विशेष शिक्षक, तज्ज्ञ आणि सहायक व्यक्ती यांची नोंदवही असायला हवी आणि ती पोलिसांना, दंडाधिकाऱ्यांना, विशेष न्यायालयाला उपलब्ध हवी. मी पाहिलेल्या नोंदवहीत बदली झालेल्या शिक्षकांची नावे होती, एक नाव वारलेल्या माणसाचे होते. ठाणे अंमलदाराला अशी नोंदवही असते हेच माहीत नव्हते. म्हणून तो ओळखीने शाळेत फोन लावतो. शाळा सुटलेली असेल, सुटी असेल, तर मुलीची आई नाहीतर शेजारीण ‘दुभाषक’ होते. आणि अशा प्रकरणांत आरोपी बहुतेक वेळा ओळखीचाच असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत दरवर्षी नव्वद टक्क्यांहून अधिक पोक्सो प्रकरणांत आरोपी मुलाच्या माहितीतला निघतो. मग विचार करा, मुलीच्या हातवाऱ्यांचा अर्थ पोलिसांना सांगणारी काकू असेल आणि आरोपी त्याच घरातला असेल, तर त्या जबाबात काय उतरेल?

त्याच नियमांत मोबदल्याचेही लिहिले आहे. कुशल कामगाराच्या किमान वेतनापेक्षा कमी नाही इतका मोबदला दुभाषकाला आणि विशेष शिक्षकाला द्यायचा आहे. मला आजवर कोणत्याही तारखेचा मोबदला मिळालेला नाही. एसटीचे भाडे मी भरते आणि किरकोळ रजा टाकून जाते. मी माझ्यासाठी हे मागत नाही, मी पुढेही जाईन. पण चांगल्या दुभाषकांनी हे काम करावे असे वाटत असेल तर ते फुकट आणि उपकारावर चालणार नाही. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, दिल्लीत २०१५ पासून भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. तिथून शिकून येणारी तरुण मुले आहेत. त्यांना जिल्ह्यात बोलवायचे तर पद पाहिजे, पगार पाहिजे.

खुणांच्या जबाबाचे एक वेगळे दुखणे आहे, ते जरा सविस्तर सांगते, कारण बाहेरच्या माणसाला ते सहसा दिसत नाही. आमच्याकडे येणारी बरीच मुले ऐकणाऱ्या घरांत जन्मलेली असतात. सांकेतिक भाषा त्यांना शाळेत येईपर्यंत मिळत नाही. घरात त्यांच्या स्वतःच्या काही खुणा असतात. मामासाठी मिशीची खूण, विहिरीसाठी दोर ओढण्याची. त्या घरापुरत्याच असतात. दिल्लीहून आलेला उत्तम दुभाषकही त्या ओळखणार नाही. अशा मुलासाठी दोन माणसे लागतात. एक, मुलाच्या खुणा ओळखणारी, शक्यतो स्वतः कर्णबधिर असलेली प्रौढ व्यक्ती, आणि दुसरी, ते मराठीत सांगणारी. पोलीस विचारतात, ‘तारीख कोणती? वेळ किती?’ नऊ वर्षांच्या, शाळेत उशिरा आलेल्या मुलीकडे तारीख नसते. गणपती घरात होते की विसर्जन झाले होते, अंगावर स्वेटर होता की नव्हता, एवढे ती नीट सांगते. ते विचारायचे कसे हे शिकवावे लागते.

आणि वेळ जातो तसा जबाबच बदलत जातो. मुलगी खोटे बोलते म्हणून नव्हे. नऊ वर्षांची असताना तिने घरच्या खुणांनी सांगितले. साक्ष होते तेव्हा ती तेरा वर्षांची असते, शाळेत शिकून तिच्या खुणा पार बदललेल्या असतात. आता ती तीच गोष्ट जास्त स्पष्ट, जास्त तपशिलाने सांगते. बचाव पक्षाचे वकील उठतात आणि म्हणतात, पहिल्या जबाबात हे नव्हते, हे शाळेत पढवले आहे. पहिल्या जबाबाचे चित्रीकरण असते तर न्यायाधीशांनी दोन्ही हातवारे स्वतः पाहिले असते. कागदावर फक्त माझी मराठी वाक्ये उरतात. खुणांनी दिलेल्या साक्षीचे चित्रीकरण करावे हे आता भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे आणि अपंग व्यक्तीच्या तक्रारीचे व जबाबाचे चित्रीकरण जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. १ जुलै २०२४ पासून हे सगळे लागू आहे. ठाण्यात विचारले तर उत्तर मिळते, ‘मोबाईलवर करू का मॅडम?’ आणि तो मोबाईल हवालदाराचा स्वतःचा असतो. एका लहान मुलीचा असा जबाब कोणाच्या खासगी फोनमध्ये राहावा, हे कुठल्या आईबापाला चालेल?

साक्षीच्या खोलीबद्दलही बोलले पाहिजे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात असुरक्षित साक्षीदारांसाठी स्वतंत्र साक्ष केंद्रे उभारायला सांगितले. त्या खटल्यातली पीडित मुलगी कर्णबधिर होती आणि बौद्धिकदृष्ट्या अक्षमही होती. २०२२ मध्ये, पुन्हा महाराष्ट्राच्याच प्रकरणात, प्रत्येक जिल्ह्यात असे केंद्र हवे असे न्यायालयाने म्हटले. आमच्याकडे खोली झाली. सोफा आहे, भिंतीवर फुलपाखरे रंगवली आहेत. मुलगी आत बसते, न्यायाधीश तिला पडद्यावर पाहतात. पण कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर लावलेला असतो. हात चौकटीच्या बाहेर. बोलणाऱ्या मुलाला तेवढे पुरते, माझ्या मुलीचे सगळे बोलणे त्या चौकटीबाहेर राहते. मी सांगितले तेव्हा कॅमेरा मागे सरकवला गेला, न्यायाधीशांनी चांगुलपणाने ऐकले. पण पुढच्या तारखेला न्यायाधीश बदललेले, कर्मचारी बदललेले, कॅमेरा पुन्हा जुन्या जागी. हे दरवेळी एका शिक्षिकेने सांगायचे का? केंद्र उभारतानाच एखाद्या कर्णबधिर माणसाला विचारले असते तर हे आधीच कळले असते.

सहायक व्यक्तीचेही तसेच. मुलाच्या सोबत पहिल्या दिवसापासून निकालापर्यंत राहणारी, त्याला पुढे काय होणार हे समजावणारी व्यक्ती बाल कल्याण समितीने द्यायची असते. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर स्वतंत्र निर्देश दिले आहेत. मी पाहिलेल्या प्रकरणांत सहायक व्यक्ती क्वचितच भेटली, आणि समितीची मुदत संपून नवी नेमणूक लांबली की तीही बंद. अत्याचारपीडितांना अर्थसाह्य देणारी मनोधैर्य योजना चांगली आहे, २०१३ पासून आहे, पण अर्ज कोणी भरायचा हे समजावणारा कोणी नसल्यामुळे गरीब आईबाप ठाणे आणि विधी सेवा प्राधिकरण यांच्यात फिरत राहतात.

यानंतर निवासी संस्था. २०११ साली कळंबोलीच्या गतिमंद मुलांच्या आश्रमातले अत्याचार बाहेर आले, ते उच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीचे लोक तिथे जाऊन बसले, मुलींशी बोलले म्हणून. २०१३ मध्ये आरोपींना शिक्षा झाली. त्यातून शिकायचे ते हेच होते की जी मुले तक्रार करू शकत नाहीत, त्यांच्याकडे कोणीतरी जाऊन बसले पाहिजे. आजची तपासणी म्हणजे हजेरीपट, धान्याचा साठा आणि खाटांची संख्या. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला मुलांची भाषा येत नाही, म्हणून तो अधीक्षकांमार्फत मुलांना विचारतो, ‘काही त्रास आहे का?’ अधीक्षकांबद्दलच त्रास असेल तर मूल काय सांगणार?

एका निवासी संस्थेत मुलांनी एका काळजीवाहकाबद्दल खुणांनी सांगितले होते. संस्थेने त्याचा राजीनामा घेतला, पोलिसांकडे गेली नाही. बदनामी नको, अनुदान जाईल, असे कारण. काही महिन्यांनी तोच माणूस दुसऱ्या तालुक्यातल्या वसतिगृहात लागला. त्याची पोलीस पडताळणी झाली आणि ती स्वच्छ आली. येणारच, त्याच्यावर गुन्हाच नव्हता. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद २०१८ पासून आहे, ती पोलिसांनाच पाहता येते, आणि ज्याच्याविरुद्ध कधी तक्रारच झाली नाही तो तीत असण्याचे कारण नाही. म्हणजे पडताळणीचा सारा डोलारा उभा आहे तो संस्थाप्रमुखाच्या प्रामाणिकपणावर. गुन्ह्याची माहिती असून न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला पोक्सोच्या कलम २१ प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. हे कलम आपल्या राज्यात किती वेळा लावले गेले, हे कृपया सभागृहात सांगा.

शेवटचा मुद्दा अठराव्या वाढदिवसाचा. बौद्धिक अक्षमता असलेली मुलगी अठरा वर्षे पूर्ण करते त्या दिवशी तिच्या समजेत काही फरक पडत नाही, पण पोक्सोचे सगळे छत्र जाते. सहायक व्यक्ती नाही, तीस दिवसांत साक्ष नाही, वर्षाची मुदत नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर ३८ वर्षांच्या एका स्त्रीचे प्रकरण आले होते. तिचे मानसिक वय लहान मुलाचे होते. पोक्सोत वय म्हणजे जन्मापासूनचे वय, ते बदलायचे तर कायदेमंडळाने बदलावे, असे न्यायालयाने म्हटले. तेव्हापासून कायदेमंडळाने काही केलेले नाही. प्रौढ अपंग स्त्रीवरील बलात्काराला भारतीय न्याय संहितेत निदान जास्त शिक्षा तरी आहे. प्रौढ अपंग पुरुषाचे काय? जुन्या दंडसंहितेतले कलम ३७७ गेले आणि नव्या संहितेत त्याच्या जागी काहीच आले नाही. एकोणीस वर्षांच्या गतिमंद मुलावर वसतिगृहात अत्याचार झाला तर पोलिसांकडे लावायला मारहाणीची कलमे उरतात. मुलग्यांवर असे होत नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाचा २००७ चा अभ्यास पाहावा. १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून केलेल्या त्या अभ्यासात निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सांगितला होता, आणि त्यांत मुलगे मुलींपेक्षा किंचित जास्तच होते.

महोदय, यातल्या बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागत नाही. म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत.

प्रत्येक जिल्ह्यात निदान एक पूर्णवेळ, पगारी सांकेतिक भाषा दुभाषक आणि बौद्धिक अक्षमतेसाठी एक विशेष शिक्षक यांची पदे मंजूर करा. ती जिल्हा बाल संरक्षण कक्षात ठेवा, कोणत्याही ठाण्याने रात्रीही बोलावले तर ते जातील अशी व्यवस्था करा. घरच्या खुणा वापरणाऱ्या मुलांसाठी प्रशिक्षित कर्णबधिर प्रौढांची यादी विभागनिहाय तयार करा आणि त्यांनाही नियमाप्रमाणे पैसे द्या.

नोंदवही दर सहा महिन्यांनी तपासून प्रत्येक ठाण्यात पोहोचवा. घरातल्या किंवा आरोपीच्या नात्यातल्या माणसाला दुभाषक म्हणून घेऊ नये, असा स्पष्ट आदेश गृह विभागाने काढावा.

अपंग मुलांच्या जबाबाचे चित्रीकरण शासकीय उपकरणावरच व्हावे आणि त्यात चेहरा व हात दोन्ही दिसावेत. साक्ष केंद्रांसाठी हीच गोष्ट उच्च न्यायालय प्रशासनाशी बोलून ठरवा. खर्च शासनाचा आहे, तो अडवू नका.

दिव्यांग कल्याण विभाग वेगळा केल्याचा अभिमान आपले राज्य २०२२ पासून सांगते. त्या विभागाने निवासी शाळा आणि बालगृहांच्या प्रत्येक तपासणीत संस्थेशी संबंध नसलेला, मुलांची भाषा जाणणारा माणूस सोबत न्यावा आणि मुलांशी कर्मचाऱ्यांशिवाय बोलावे. मुलांच्या संपर्कातल्या कोणत्याही कर्मचाऱ्याचा राजीनामा किंवा बडतर्फी कारणासह विभागाला कळवणे बंधनकारक करा, आणि नव्या संस्थेने नेमणुकीआधी मागच्या संस्थेकडून ते लेखी मागवावे. तक्रार दाबणाऱ्या संस्थाचालकावर कलम २१ लावा, तो कोणत्याही पक्षाचा असो.

अठरा वर्षांवरील बौद्धिक अक्षम आणि कर्णबधिर पीडितांना सहायक व्यक्ती देण्यासाठी आपल्याला दिल्लीकडे पाहायची गरज नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम १२ मध्ये न्याय मिळवण्यासाठी आधाराची व्यवस्था करणे हे राज्याचेच काम सांगितले आहे. शासन निर्णय काढा. प्रौढ अपंग पुरुषांना संरक्षण देणारी दुरुस्ती मात्र केंद्राकडे आग्रहाने मागा. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत आहे, त्यामुळे राज्याला स्वतःही दुरुस्ती सुचवता येते.

येत्या अधिवेशनात जिल्हावार माहिती सभागृहाच्या पटलावर ठेवावी, ही विनंती: किती अपंग मुलांची पोक्सो प्रकरणे चालू आहेत, किती मुलांना पहिल्या जबाबाच्या वेळी प्रशिक्षित दुभाषक किंवा विशेष शिक्षक मिळाला, किती मुलांची साक्ष तीस दिवसांत झाली, आणि दुभाषकांना आजवर किती रुपये दिले गेले.

आपली,
एक विशेष शिक्षिका